एका विषयात उडाली की सगळी परीक्षा पुन्हा? (युद्धापूर्वीच्या ब्रिटनमधली शालान्त परीक्षा)

कापूरकाचरी (धागाकर्ती)

सध्या १९३०च्या दशकातल्या लंडनच्या उपनगरात घडणारी एक मालिका बघते आहे. त्यातली सोळा वर्षांची थोरली मुलगी फ्रेंचमध्ये नापास होते आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. बाप म्हणतो, आणखी वर्षभर फी भरायची माझी ऐपत नाही. मला कळेना, एका फ्रेंचसाठी वर्ष कशाला? तेवढा पेपर पुन्हा द्यायचा आणि मोकळं व्हायचं. पण तिला इंग्रजी, गणित, इतिहास, सगळंच नव्याने द्यावं लागणार असं दाखवलंय. बाकी विषयांत ती चांगली पास आहे!

हे लेखकाने नाट्य वाढवायला घुसडलंय की खरंच अशी पद्धत होती? आपल्या पूर्वीच्या ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेसारखं काही नव्हतं का? जाणकारांनी सांगावं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचंच हवंय. ओ लेव्हल वगैरे नंतरचं थोडंफार ठाऊक आहे.

खोडसाळ

वाचनखूण साठवली, पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमचं इंग्रजी उडालं होतं तेव्हा ऑक्टोबरला तेवढंच दिलं. तेव्हा लय शिव्या खाल्ल्या, पण आता त्या पोरीपुढे नशीबवान वाटायला लागलोय.

ग्रंथपाल_निवृत्त

मालिकावाल्यांनी अभ्यास केलेला दिसतो. पद्धत अगदी अशीच होती.

त्या परीक्षेचं नाव स्कूल सर्टिफिकेट. इंग्लंड आणि वेल्समध्ये ती १९१७ साली आली आणि १९५१ मध्ये जीसीई (तुमची ओ लेव्हल त्यातलीच) आल्यावर गेली. त्याआधी सगळा सावळा गोंधळ होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या 'लोकल' (शाळकरी मुलांसाठी गावोगाव घेतल्या जाणाऱ्या) परीक्षा १८५८ पासून, लंडन विद्यापीठाची मॅट्रिक, म्हणजे प्रवेशपरीक्षा, त्याहून जुनी, कॉलेज ऑफ प्रिसेप्टर्स या शिक्षकांच्या संस्थेची वेगळी, शिवाय वकील, डॉक्टर, हिशेबनीस यांच्या संस्थांच्या आपापल्या प्रवेशपरीक्षा. एकाच वर्गातली पोरं चार वेगवेगळ्या परीक्षांची तयारी करायची आणि मास्तरांची तारांबळ उडायची. १९११ साली एका सल्लागार समितीने हे सगळं अहवालात मांडलं, १९१४ मध्ये शिक्षण मंडळाचं परिपत्रक निघालं आणि भर महायुद्धात, १९१७ ला, सेकंडरी स्कूल एक्झामिनेशन्स कौन्सिल स्थापन झाली. परीक्षा घेणारी मंडळं आठ आणि ती सगळी विद्यापीठांशी जोडलेली (वेल्सचं मंडळ तेवढं वेगळं). सोळाव्या वर्षाच्या सुमारास स्कूल सर्टिफिकेट, अठराव्याच्या सुमारास हायर स्कूल सर्टिफिकेट.

आता तुमच्या नायिकेची फ्रेंच. विषयांचे गट केलेले होते. पहिला इंग्रजी आणि त्याच्या सोबतीचे: इतिहास, भूगोल, बायबल. दुसरा परकीय भाषांचा. तिसरा गणित आणि विज्ञानाचा. चौथ्यात चित्रकला, संगीत, हस्तकला, गृहशास्त्र. किमान पाच विषयांत पास व्हायचं आणि पहिल्या तिन्ही गटांतला एकेक तरी विषय सुटलाच पाहिजे. चौथ्या गटाची सक्ती नव्हती.

म्हणजे मुलीने भाषा एकच घेतली असेल आणि तीच गेली, तर दुसरा गट गेला. गट गेला की प्रमाणपत्र गेलं. तिने जोडीला लॅटिन घेऊन ते काढलं असतं, तर फ्रेंचचा निकाल काहीही लागो, काम झालं असतं. प्रमाणपत्र मिळतं किंवा मिळत नाही, अधलंमधलं काही नाही. सहा विषय उत्तम सुटले तरी त्यांची नोंद असलेला कागद हाती पडत नसे. पुन्हा बसायचं तर सगळ्या विषयांना.

कापूरकाचरी

बापरे. धन्यवाद काका! आणि पुन्हा बसायचं ते केव्हा?

ग्रंथपाल_निवृत्त

मुख्य परीक्षा जुलैत. काही मंडळं डिसेंबरातही घेत, म्हणजे तुमचं 'ऑक्टोबर' होतं म्हणा, फक्त एका विषयापुरतं नव्हतं. शाळेतच राहायचं तर फिफ्थ फॉर्ममध्ये (म्हणजे या परीक्षेच्या वर्गात) आणखी एक वर्ष. बापाचं रडगाणं खरं वाटतं. सरकारी अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळाही फी घेत. १९०७ पासून अशा शाळांना साधारण चौथा हिस्सा जागा प्राथमिक शाळांतून येणाऱ्या मुलांसाठी मोफत ठेवाव्या लागत. १९३३ च्या सुमारास मंदीच्या काटकसरीत त्या जागा घरच्या मिळकतीशी जोडल्या गेल्या. शाळेत प्रवेश घेतानाच 'मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत काढणार नाही' असं पालकांकडून लिहून घ्यायचे, मोडलं तर दंड. सोळापर्यंत कसंबसं रेटलं आणि तिथे फ्रेंच आडवं आलं, तर बाप काय करणार?

तांबडीमाती

एक शंका. जुन्या इंग्रजी जाहिरातींत 'मॅट्रिक आवश्यक' असं असतं. मग ती स्कूल सर्टिफिकेटहून वेगळी परीक्षा का?

ग्रंथपाल_निवृत्त

मस्त प्रश्न. इथेच खरी गोम आहे.

स्कूल सर्टिफिकेटमध्ये साधं पास आणि त्यावर 'क्रेडिट' अशा पायऱ्या होत्या. पाच विषयांत क्रेडिट मिळालं, आणि त्यांत विद्यापीठाला हवे ते विषय असले (इंग्रजी, गणित, एखादी भाषा असे, तपशील विद्यापीठागणिक निराळा), तर विद्यापीठाच्या मॅट्रिकमधून सूट मिळायची. लोक त्यालाच 'मॅट्रिक झाला' म्हणायचे. म्हणजे परीक्षा एकच, पण तिच्यातून बाहेर पडणाऱ्यांच्या दोन जाती.

विद्यापीठात जाणारे मूठभरच. पण बँका, विमा कंपन्या, नगरपालिकांची कचेरी, सगळ्यांनी ठरवलं की कारकून मॅट्रिकच हवा. का, तर चाळणी आयती मिळाली. त्यामुळे प्रमाणपत्र हातात असूनही केवळ क्रेडिटं कमी पडली म्हणून पुन्हा बसणारी पोरं निघाली. पास होऊन नापास! मुख्याध्यापक वर्षानुवर्षं कुरकुरत राहिले. १९३८ च्या स्पेन्स समितीच्या अहवालातही हीच तक्रार आहे, की परीक्षा शाळेच्या अभ्यासक्रमाच्या मानगुटीवर बसली आहे. गंमत अशी, की १९१४ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं, परीक्षेने अभ्यासक्रमामागून चालावं, त्याला ओढू नये. आणि निवडक हुशार पोरं न बसवता अख्खा वर्ग बसवावा, म्हणजे ती शाळेच्या शिकवण्याची परीक्षा होईल. कागदावर फार सुंदर होतं.

तांबडीमाती

म्हणजे आपली जुनी मॅट्रिकच की ही! बहुतेक आपल्याकडूनच उचलली असणार, काय खोडसाळ?

खोडसाळ

अर्थात. विमान, प्लास्टिक सर्जरी आणि मॅट्रिक.

ग्रंथपाल_निवृत्त

उलट दिशेने बघा. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेलं: शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ ला झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. पुढे आपल्याकडे मॅट्रिक म्हणजे अर्धा देवच झाला, पण त्या देवाची मूळ मूर्ती लंडनची.

दोन्हीकडच्या मॅट्रिकला बसलेला सगळ्यांना ठाऊक असलेला माणूस म्हणजे गांधीजी. १८८७ साली अहमदाबाद केंद्रावरून मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक, सुमारे ४० टक्के गुण. मग बॅरिस्टरीसाठी विलायतेला गेले. बॅरिस्टरीच्या परीक्षा फारशा जड नव्हत्या, हाताशी वेळ होता, म्हणून लंडन मॅट्रिक द्यायचं ठरवलं. गरज नव्हती, हौस. ती परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची. लॅटिन सक्तीचं, एक आधुनिक भाषा सक्तीची, शिवाय विज्ञान. जानेवारी १८९० मध्ये बसले आणि लॅटिनमध्ये गेले. जूनमध्ये पुन्हा सगळ्याला बसले, आणि पुन्हा सगळंच द्यायचंय तर म्हणून विज्ञानातलं रसायन सोडून 'उष्णता आणि प्रकाश' घेतलं. यावेळी सुटले. कापूरकाचरीताईंच्या नायिकेच्या चाळीस वर्षं आधीची गोष्ट, पण नियम तोच.

मावळतीचे_ऊन

छान धागा. पण मला या नियमात वाईट काही दिसत नाही. शिकलेला माणूस म्हणजे ज्याला भाषा, गणित आणि आणखी एक भाषा येते, एवढीच तर अपेक्षा! आता कुठलाही विषय सोडा, कधीही द्या, तुकड्यातुकड्याने जमवा. तेव्हाच्या प्रमाणपत्राला वजन होतं, कारण ते एका दमात मिळवावं लागे. आणि तपासणारेही विद्यापीठातले कडक लोक. आजच्यासारखी गुणांची खिरापत नव्हती.

बीएडवाली

मावळतीकाका, एका दमाचं एक वेळ मान्य करते, कडक तपासणीचं नाही.

आम्हाला बीएडला हारटॉग समितीवर हमखास प्रश्न असायचा: १९२९, प्राथमिक शिक्षणातली गळती आणि स्थगन. ते सर फिलिप हारटॉग, ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. विलायतेत परतल्यावर याच गृहस्थांनी ई. सी. ऱ्होड्स या संख्याशास्त्रज्ञासोबत तिथल्या परीक्षांची तपासणी केली आणि १९३५ मध्ये निष्कर्ष छापले. बीएडच्या पुस्तकात हे अर्धं कधी येत नाही.

स्कूल सर्टिफिकेटचे इतिहासाचे पंधरा पेपर घेतले. मंडळाने आधी सगळ्यांना सारखेच, बेताचे गुण दिलेले होते. ते पंधरा अनुभवी परीक्षकांना स्वतंत्रपणे तपासायला दिले. मग बारा ते एकोणीस महिन्यांनी त्यांच्यातल्याच चौदा जणांना तेच पेपर पुन्हा दिले, आधीच्या खुणा काढून. चौदा परीक्षक, पंधरा पेपर, म्हणजे २१० निकाल. नापास, पास की क्रेडिट, एवढंच बघायचं. त्यातल्या ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच निकाल बदलला. दुसऱ्याचा नव्हे, स्वतःचा!

आता हे कापूरकाचरीच्या नियमाशी जोडून बघा. एका गटात घसरलं की सगळं गेलं, आणि घसरलं की नाही हे तपासणाऱ्याने कुठल्या महिन्यात पेपर हातात घेतला त्यावर.

मावळतीचे_ऊन

इतिहास हा तसा मतांचाच विषय. गणितात हे होईल का?

बीएडवाली

बाकी विषयांतही फरक निघाले, इतिहासाइतके नसले तरी. पण माझा मुद्दा वेगळा आहे. माणसं चुकणारच. चूक झाली तर पोराचं किती नुकसान व्हावं, हे नियमाने ठरतं. विषय सुटे असते तर एका पेपरातल्या चुकीने एक विषय गेला असता. इथे वर्ष जायचं, काहींची शाळाच जायची.

मावळतीचे_ऊन

हे पटण्यासारखं आहे. तरी एका दमाच्या बाजूनेच मी मत देईन.

एडिनबरोकर

इंग्लंडचं खूप झालं, इकडचंही घ्या. 'ब्रिटन' म्हणताय तर स्कॉटलंड वगळू नका, इथले लोक रागावतात.

इथली व्यवस्था पहिल्यापासून स्वतंत्र. लीव्हिंग सर्टिफिकेट १८८८ मध्ये सुरू झालं, हेन्री क्रेक या सचिवाच्या पुढाकाराने, म्हणजे इंग्लंडच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. परीक्षा विद्यापीठाची नाही, थेट सरकारी शिक्षण खात्याची. मावळतीकाकांसाठी मुद्दाम सांगतो: सुरुवातीला ती विषयवार होती! जो विषय सुटला त्याचं प्रमाणपत्र. गटाची सक्ती १९०२ मध्ये आली. हायर आणि लोअर अशा पातळ्यांचे ठरावीक विषय एकत्र सुटले तरच प्रमाणपत्र. ती जवळपास अर्धं शतक टिकली आणि १९५० च्या सुमारास पुन्हा विषयवार झालं. म्हणजे एका दमाचा नियम काही आदिम काळापासून नव्हता. कुणीतरी मुद्दाम आणला, पन्नासेक वर्षांनी मुद्दाम काढला. 'हायर्स' इथे अजून आहेत, माझी पुतणी यंदा देते आहे.

तांबडीमाती

आणि जी पोरं माध्यमिक शाळेत गेलीच नाहीत त्यांचं काय? बहुसंख्य तीच असणार ना?

ग्रंथपाल_निवृत्त

अर्थात. दोन महायुद्धांमधल्या काळात दहातली जेमतेम एक-दोन मुलं माध्यमिक शाळेत पोचत. बाकीची चौदाव्या वर्षी प्राथमिक शाळेतूनच बाहेर, कुठलीही शालान्त परीक्षा न देता. १९३६ च्या कायद्याने वय पंधरावर न्यायचं ठरलं, तारीखही ठरली: १ सप्टेंबर १९३९. त्याच दिवशी हिटलर पोलंडमध्ये शिरला. ते वय वाढायला १९४७ उजाडलं.

पण त्याही आधी, व्हिक्टोरियाच्या काळात, गरिबांच्या पोरांना एक खरीखुरी 'शाळा सोडण्याची' परीक्षा होती, आणि ती उलट्या अर्थाची. १८८० मध्ये दहाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची झाली. दहा ते तेरामधल्या मुलाला लवकर सुटून कामावर जायचं असेल, तर ठरावीक इयत्तेची परीक्षा पास होऊन दाखवायची. किती इयत्तेची ते गावागणिक वेगळं. म्हणजे हुशार पोरगं आधी शाळेबाहेर आणि मागे पडणारं आत! लँकेशरच्या सूतगिरण्यांत तर अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा असं चालायचं.

आणि ज्याला ती परीक्षाही झेपत नाही त्याच्यासाठी दुसरी वाट होती. पाच वर्षं, दरवर्षी २५० हजेऱ्या भरल्या असतील (अर्ध्या दिवसाची एक हजेरी), तर तेराव्या वर्षी नुसत्या हजेरीवर सुटका. लोक त्याला 'मठ्ठांचा पास' म्हणत. १९१८ च्या फिशर कायद्याने हे सगळं मोडीत काढलं.

खोडसाळ

मठ्ठांचा पास! मला नको तेव्हा जन्माला घातलं देवाने. हजेरीत मी कायम पहिला.

बीएडवाली

मुलींबद्दल कुणीच काही बोललं नाही, म्हणून मी.

केंब्रिजच्या लोकल परीक्षा आधी फक्त मुलांसाठी होत्या. मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या एमिली डेव्हिस यांनी खटपट करून डिसेंबर १८६३ मध्ये ८३ मुलींना 'प्रायोगिक' म्हणून तेच पेपर सोडवायची परवानगी मिळवली. वयाने मोठ्या गटातल्या बहुतेक मुली अंकगणितात धडाधड नापास झाल्या. कारण सरळ होतं: त्यांना ते धड शिकवलंच नव्हतं. विरोधकांना आयतं कोलीत मिळायला हवं होतं, पण झालं उलटंच. शाळांनी अंकगणित नीट शिकवायला घेतलं आणि १८६५ पासून परीक्षा मुलींना अधिकृतपणे खुली झाली. ऑक्सफर्डने १८७० पर्यंत वेळ लावला.

स्कूल सर्टिफिकेटच्या काळातही वाद होताच. वर काकांनी सांगितलेला चौथा गट आठवा: संगीत, चित्रकला, शिवण, स्वयंपाक. मुलींच्या शाळांत हे विषय तासन्‌तास शिकवायचे आणि प्रमाणपत्राच्या गटांत त्यांची किंमत दुय्यम. 'आमच्या वेळापत्रकाला मोजा' असं म्हणणाऱ्या मुख्याध्यापिका होत्या. तशाच 'मोजू नका, नाहीतर मुलींना गणितातून सूट मिळेल' अशी भीती वाटणाऱ्याही होत्या. मला दुसऱ्या जास्त जवळच्या वाटतात.

मावळतीचे_ऊन

चला, एका तरी मुद्द्यावर आपलं जमलं.

तांबडीमाती

नापास झालेल्यांसाठी क्लासेस होते का तिकडेही? की हा रोग फक्त आपला?

ग्रंथपाल_निवृत्त

भरपूर. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून पदवी परीक्षा बाहेरून बसणाऱ्यांना खुल्या केल्या, कुठल्या कॉलेजात नाव असण्याची गरज नाही. त्यावर एक अख्खा धंदा उभा राहिला. विल्यम ब्रिग्ज यांचं युनिव्हर्सिटी कॉरस्पॉन्डन्स कॉलेज पोस्टाने मॅट्रिकची तयारी करून घ्यायचं. लेखक एच. जी. वेल्स तिथे शिकवायचे, आणि गंमत म्हणजे ते स्वतः १८८७ ला साउथ केन्सिंग्टनच्या विज्ञान शाळेत भूगर्भशास्त्रात आपटले होते. १८९० मध्ये बाहेरून बसून लंडनची बीएस्सी काढली.

श्रीमंतांसाठी वेगळे क्लासवाले. चर्चिल सँडहर्स्टच्या (लष्करी अधिकारी घडवणाऱ्या कॉलेजच्या) प्रवेशपरीक्षेत दोनदा गचकले, मग कॅप्टन जेम्स यांच्या क्लासमध्ये घातलं, तिसऱ्या खेपेला १८९३ मध्ये निघाले. गुण इतके बेताचे की पायदळात जागा मिळाली नाही, घोडदळ मिळालं. घोडे ज्याचे त्याने पोसायचे, त्यामुळे तिथे स्पर्धा कमी. वडील चिडले ते त्या खर्चापायी. ही शालान्त परीक्षा नव्हे, पण पुन्हा बसण्याची किंमत कुणाला परवडायची ते यातून कळतं.

कापूरकाचरी

किती माहिती! सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: १९५१ मध्ये नेमकं काय बदललं, आणि मुंबई-पुण्याच्या जुन्या कॉन्व्हेंटवाल्यांचं 'सीनियर केंब्रिज' ते हेच का?

ग्रंथपाल_निवृत्त

१९४३ च्या नॉरवुड समितीने गटाची सक्ती काढा असं सुचवलं. जीसीईमध्ये प्रत्येक विषय सुटा झाला: जेवढे सुटले तेवढे नावावर, उरलेले पुढच्या वेळी. मात्र पहिल्यांदा त्यांनी एक नवी मेख मारून ठेवली, सोळा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बसायचंच नाही. हुशार पोरांना पंधराव्या वर्षी बसवणाऱ्या शाळांनी एवढा आरडाओरडा केला की काही वर्षांत ती अट ढिली करावी लागली.

सीनियर केंब्रिज म्हणजे केंब्रिजच्या त्याच मंडळाची वसाहतींसाठीची परीक्षा. पेपर विलायतेहून यायचे आणि तपासायला बोटीने परत जायचे. इंग्लंडमध्ये गटाचा नियम गेला तरी परदेशातल्या या प्रमाणपत्रात तो पुढे कित्येक वर्षं टिकून होता, मलायात, आफ्रिकेत आणि आपल्याकडेही. १९५८ मध्ये दिल्लीत कौन्सिल स्थापन झाली ती ही परीक्षा हळूहळू आपल्या हातात घ्यायला. आजची आयसीएसई आणि आयएससी तिचीच.

एडिनबरोकर

हायर स्कूल सर्टिफिकेट आणि त्यावरच्या स्टेट स्कॉलरशिपा राहिल्याच. त्याचा वेगळा धागा काढा, इथे प्रतिसाद फार लांबलेत.